एका वचनाचे मूळ ग्रीक शब्द कसे अभ्यासावेत : ‘रोजची भाकर’ हाती धरून

नव्या करारातील एखादे वचन मूळ ग्रीकमध्ये पाहावे असे वाटू लागले की सुरुवातीला जे घडते ते माझ्याही बाबतीत घडले. मी एक शब्द धरला, त्याचा ‘खरा अर्थ’ इंटरनेटवर शोधला आणि सापडलेल्या पाचसहा अर्थांतून मनाला भावला तो उचलला. एका अभ्यासगटात मी ठासून सांगितले होते की ‘अगापे’ म्हणजे केवळ दैवी, निःस्वार्थ प्रेम. त्यावर गटातील एका वडीलधाऱ्या बाईंनी शांतपणे विचारले, “२ शमुवेल १३ मध्ये अम्नोनाला तामारेविषयी जे वाटले, त्यासाठी जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द आहे. मग ते कसे?” माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन पाहिले, तर बाई बरोबर होत्या. इतकेच नाही, तर २ तीमथ्य ४:१० मध्ये देमास या जगावर जे प्रेम करतो, तेही याच क्रियापदाने सांगितले आहे.

त्यानंतर मी पद्धत बदलली. हा लेख त्या पद्धतीविषयी आहे आणि ज्यांना ग्रीक अजिबात येत नाही त्यांच्यासाठी लिहिला आहे. उदाहरणादाखल सबंध लेखभर एकच वचन घेतो : मत्तय ६:११, “आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.” मुळात ते अवघ्या आठ शब्दांचे आहे, व्याकरण सोपे आहे, हस्तलिखितांमध्ये त्याविषयी महत्त्वाचा पाठभेद नाही, आणि तरीही त्यातल्या एका शब्दाचा अर्थ तिसऱ्या शतकापासून आजपर्यंत वादात आहे. शिकायला याहून चांगले वचन मला माहीत नाही.

हाताशी काय असावे

- वेगवेगळ्या काळांतील दोन-तीन मराठी भाषांतरे. एक जुन्या वळणाचे आणि एक सोप्या मराठीतले तरी असावेच.
- नव्या कराराची ग्रीक संहिता. नेस्टले-आलांड यांची अठ्ठाविसावी आवृत्ती (२०१२) अभ्यासकांमध्ये प्रमाण मानली जाते. विनामूल्य हवी असेल तर एसबीएल (सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर) या संस्थेची २०१० मधील ग्रीक संहिता इंटरनेटवर मिळते.
- प्रत्येक ग्रीक शब्दाखाली त्याचा अर्थ आणि व्याकरण दाखवणारी मांडणी, जिला इंटरलिनिअर म्हणतात. ‘स्टेप बायबल’ आणि ‘बायबल हब’ या संकेतस्थळांवर ती आहे.
- नव्या कराराचा ग्रीक शब्दकोश. बाउअर यांचा कोश, डँकर यांनी संपादित केलेल्या २००० सालच्या तिसऱ्या इंग्रजी आवृत्तीत, सर्वांत भरवशाचा. तो मिळेपर्यंत थेअर यांचा एकोणिसाव्या शतकातला कोश चालेल. मात्र इजिप्तमध्ये पपायरसांचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरील जुन्या लेखांचा, मोठा साठा सापडून अभ्यासला जाण्याआधीचा तो आहे, हे विसरू नये.
- शब्दसूची, म्हणजे एखादा ग्रीक शब्द कुठे कुठे आला आहे ते दाखवणारी यादी. १८९० मधले स्ट्राँग यांचे क्रमांक याच कामासाठी आहेत. आपल्या वचनातल्या वादग्रस्त शब्दाचा क्रमांक १९६७.
- एक वही. यावर मी आग्रही आहे. मोबाइलमध्ये घेतलेली टिपणे पुन्हा कोणी उघडून पाहत नाही.

ही साधने बहुतेक इंग्रजीत आहेत, आणि मराठी वाचकाची पहिली अडचण इथेच आहे. आपण ग्रीक शब्दाचा इंग्रजी अर्थ वाचतो, त्या इंग्रजी शब्दाचे मराठी करतो आणि आपण ग्रीक वाचले असे समजतो. प्रत्यक्षात आपण इंग्रजीचे भाषांतर केलेले असते. शब्दकोशातला इंग्रजी अर्थ हा रस्ता दाखवणारा फलक आहे एवढेच मानावे. मराठी शब्द मात्र ग्रीक उदाहरणे पाहून स्वतः शोधावा.

१. आधी मराठीतच वाचा, आणि वचन एकटे वाचू नका

ग्रीक उघडण्यापूर्वी मत्तय ६:९ ते १३ ही सबंध प्रार्थना वाचा. मग तोच अध्याय शेवटपर्यंत वाचा. चौतिसाव्या वचनात “उद्याची चिंता करू नका” असे येते, आणि अकराव्या वचनातल्या एका शब्दाचा एक संभाव्य अर्थ ‘उद्याची’ असा आहे. हे आधी ठाऊक नसेल तर पुढे शब्दकोश वाचताना त्या अर्थाचे वजन कळणार नाही.

यानंतर लूक ११:२ ते ४ वाचा. तिथे हीच प्रार्थना थोड्या वेगळ्या शब्दांत आहे. हाताशी असलेल्या सर्व मराठी भाषांतरांत ही दोन्ही ठिकाणे काढून जिथे शब्द बदलतो तिथे पेन्सिलीने खूण करा. भाषांतरकारांचे एकमत असते तिथे सहसा ग्रीकमध्ये अडचण नसते. ते जिथे वेगवेगळ्या वाटांनी जातात तिथे काहीतरी असते. तुमचा अभ्यास या खुणांपासून सुरू होतो.

२. अक्षरे शिका, टाळू नका

ग्रीक वर्णमालेत २४ अक्षरे आहेत. रोज अर्धा तास दिला तर दोन आठवड्यांत ती वाचता येतात. लिप्यंतरावर भागवावे असा मोह होतो, पण त्यात माहिती गळते. ग्रीकमध्ये एप्सिलॉन आणि ईटा ही दोन निरनिराळी अक्षरे असून देवनागरीत दोन्हींना ‘ए’च लिहावे लागते. ओमिक्रॉन आणि ओमेगा यांच्याबाबत मात्र मराठीची सोय चांगली आहे : पहिल्यासाठी ‘ऑ’ आणि दुसऱ्यासाठी ‘ओ’ लिहिला की फरक टिकतो. या रीतीने आपले वचन असे दिसते :

तॉन आर्तॉन हेमोन तॉन एपिऊसिऑन दॉस हेमिन सेमेरॉन.

स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाच्या सुरुवातीला स्वल्पविरामासारखी एक बारीक खूण असते. ती एका दिशेला वळलेली असेल तर ‘ह’ उच्चारायचा, दुसऱ्या दिशेला असेल तर काहीच उच्चारायचे नाही. ‘हेमोन’मधला ‘ह’ या खुणेतून येतो. त्यासाठी वेगळे अक्षर नाही.

उच्चाराबद्दल दोन पक्ष भेटतील. महाविद्यालयांत बहुधा एरास्मस यांच्या नावाने चालणारी पद्धत शिकवतात, तर ग्रीसमधले लोक आजच्या ग्रीकप्रमाणे वाचतात. कोणतीही एक निवडा आणि तीच ठेवा. एक गोष्ट मात्र जाणून घ्या. ‘हेमोन’ म्हणजे ‘आमचा’ आणि ‘ह्यूमोन’ म्हणजे ‘तुमचा’. काळाच्या ओघात बोलीतले अनेक स्वर ‘ई’मध्ये विलीन झाले आणि हे दोन्ही शब्द ‘इमोन’ असे ऐकू येऊ लागले. नव्या कराराच्या हस्तलिखितांत ठिकठिकाणी ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांची अदलाबदल दिसते, तिचे एक मोठे कारण हेच आहे.

३. कोणती ग्रीक संहिता वाचता आहात ते लिहून ठेवा

मूळ लेखकांच्या हातची प्रत एकही उरलेली नाही. जे आहे ते हस्तलिखितांच्या रूपात, आणि ग्रीकमधली अशी हस्तलिखिते पाच हजारांहून अधिक आहेत. चौथ्या शतकातले कोडेक्स सिनाइटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकानस यांची छायाचित्रे इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. एकदा तरी पाहाच. सगळी मोठी अक्षरे, शब्दांमध्ये जागा नाही, वचनांचे क्रमांक नाहीत. ते क्रमांक १५५१ मध्ये रोबेर एस्तिएन या मुद्रकाने आपल्या ग्रीक आवृत्तीत घातले. क्रमांक बदलला की विचार संपला असे मानण्याची सवय त्या पानांकडे पाहताना आपोआप सुटते.

आपल्या वचनात पाठभेदाची चिंता नाही, पण शेजारीच दोन नमुनेदार पाठभेद आहेत. तेराव्या वचनाच्या शेवटचे “राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत” हे शब्द वर सांगितलेल्या दोन्ही जुन्या हस्तलिखितांत नाहीत. ते नंतरच्या बहुसंख्य हस्तलिखितांत आहेत. दुसरा पाठभेद लूक ११:३ मध्ये आहे. तिथे बहुतेक हस्तलिखितांत ‘दे’ या क्रियापदाचे जे रूप आहे, ते सिनाइटिकसमध्ये बदलून मत्तयासारखे झाले आहे. लेखनिकाला मत्तयातली प्रार्थना पाठ असावी आणि लूक लिहिताना हात सवयीने वळला असावा, हे समजायला कोणत्याही सिद्धान्ताची गरज नाही.

नवशिक्याने या टप्प्यावर ‘खरी संहिता कोणती’ या वादात उतरू नये. वहीत आवृत्तीचे नाव लिहावे, तळटीपेत पाठभेद दाखवला असेल तर नोंदवावा आणि पुढे जावे.

४. प्रत्येक शब्दाची ओळख लिहा

आता इंटरलिनिअर उघडा, पण त्यातला इंग्रजी अर्थ हाताने झाका आणि फक्त व्याकरणाची नोंद वाचा. वहीत एका ओळीत एक शब्द, असे लिहा :

- तॉन : उपपद, पुल्लिंग, एकवचन, द्वितीया.
- आर्तॉन : नाम ‘आर्तॉस’, पुल्लिंग, एकवचन, द्वितीया.
- हेमोन : सर्वनाम, प्रथम पुरुष, अनेकवचन, षष्ठी.
- तॉन : पुन्हा तेच उपपद.
- एपिऊसिऑन : विशेषण ‘एपिऊसिऑस’, पुल्लिंग, एकवचन, द्वितीया.
- दॉस : क्रियापद ‘दिदोमि’; आज्ञार्थ, अ‍ॅओरिस्ट, द्वितीय पुरुष, एकवचन. (अ‍ॅओरिस्ट हे ग्रीक क्रियापदाचे एक रूप; ते पाचव्या टप्प्यात पाहू.)
- हेमिन : सर्वनाम, प्रथम पुरुष, अनेकवचन, चतुर्थी.
- सेमेरॉन : क्रियाविशेषण.

शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ केलेल्या मराठी माणसाला ही यादी परकी वाटत नाही. प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी आणि संबोधन एवढ्या पाच विभक्ती, तीन लिंगे, विशेषणाने नामाप्रमाणे बदलणे : इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे सगळे नव्याने समजून घ्यावे लागते, आपल्याला फक्त नवी रूपे पाठ करावी लागतात. ‘दिदोमि’ हे तर संस्कृत ‘ददामि’चे सख्खे भावंड आहे. (हे नाते लक्षात ठेवण्यापुरतेच वापरावे, अर्थ लावण्यासाठी नाही.)

इथे एक गंमत कळते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे, ग्रीकमध्ये नाही. त्यामुळे ‘हेमोन’ आले की ‘आमची’ की ‘आपली’ हे मराठी भाषांतरकाराला स्वतः ठरवावे लागते. प्रार्थनेत ज्याच्याशी बोलायचे तो देव भाकर मागणाऱ्यांमध्ये नसल्याने ‘आमची’च योग्य, पण पौलाच्या पत्रांत हा निर्णय पुष्कळ ठिकाणी अवघड होतो. तिथे मराठी बायबलमध्ये ‘आम्ही’ दिसले म्हणून मुळात ऐकणारे वगळले आहेत असा निष्कर्ष काढू नका.

याच्या उलट, इंग्रजीने हरवलेले काही मराठीत शिल्लक असते. लूक २२:३१-३२ मध्ये सैतानाने ज्यांना मागितले ते अनेकवचनी ‘तुम्ही’ आहेत, आणि येशूने ज्याच्यासाठी विनंती केली तो एकवचनी ‘तू’, म्हणजे शिमोन. आजच्या इंग्रजी भाषांतरांवर वाढलेल्या वाचकाला हा फरक ग्रीकमध्ये गेल्यावर कळतो. आपल्याला तो ‘तुम्हांला’ आणि ‘तुझ्यासाठी’ या शब्दांतून आधीच कळलेला असतो.

५. वाक्याची रचना पाहा, पण व्याकरणावर प्रवचन उभारू नका

शब्दक्रम मुळात आहे तसाच राहू दिला तर वाक्य साधारण असे होते : “भाकर आमची, ती एपिऊसिऑस, दे आम्हांला आज.” उपपद दोनदा आले आहे, त्यामुळे विशेषणाकडे थोडे अधिक लक्ष जाते. वाक्य ‘भाकर’ने सुरू होते आणि ‘आज’ने संपते. एवढे नोंदवा. त्याहून जास्त अर्थ शब्दक्रमात भरू नका, कारण ग्रीकमध्ये तो बराच मोकळा असतो.

क्रियापदाच्या रूपाबाबत मात्र थांबा. सापळा इथे आहे. मत्तयात ‘दॉस’ आहे, जे अ‍ॅओरिस्ट रूप आहे. लूकमध्ये ‘दिदू’ आहे, जे वर्तमान रूप आहे. दोन्ही आज्ञार्थच. या फरकासाठी मराठीत तयार जोडी आहे : ‘दे’ आणि ‘देत जा’. अ‍ॅओरिस्टमध्ये कृतीकडे एक सबंध गोष्ट म्हणून पाहिले जाते, वर्तमानात ती चालू असलेली किंवा पुन्हा पुन्हा होणारी म्हणून. मत्तयात पुढे ‘आज’ आहे, म्हणून ‘दे’. लूकमध्ये ‘आज’च्या जागी ‘दररोज’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे, म्हणून ‘देत जा’. दोन्ही वाक्ये आपापल्या जागी सुसंगत आहेत.

आता सापळा सांगतो. अ‍ॅओरिस्ट दिसले की ‘एकदाच आणि कायमचे’ असा अर्थ लावणारे पुष्कळ भेटतात. मत्तयातल्या या प्रार्थनेतल्या सातही मागण्या अ‍ॅओरिस्टमध्ये आहेत, आणि ग्रीकमध्ये देवाकडे केलेल्या विनंत्या सामान्यतः याच रूपात असतात. ‘दॉस’मधून ‘एकदाच दे, पुन्हा मागणार नाही’ असे काही निघत नाही. रूप नेहमीचे असेल तर ते बहुधा काही खास सांगत नसते. नेहमीचे सोडून दुसरे वापरले असेल तेव्हा कारण शोधावे. म्हणूनच इथे लक्ष द्यायचे ते लूककडे.

६. अवघड शब्दावर वेळ घालवा

आठांपैकी सात शब्द एका संध्याकाळी उलगडतात. ‘आर्तॉस’ म्हणजे भाकर, आणि विस्ताराने अन्न. शब्दसूचीत पाहिले तर मत्तय ४:४ मधली “मनुष्य केवळ भाकरीने नव्हे” ही भाकर तीच, आणि ‘भाकर खाणे’ म्हणजे जेवणे हा प्रयोगही मत्तय १५:२ मध्ये मिळतो. मराठीत ‘भाकर कमावणे’ म्हणतो तेव्हा आपणही तेच करतो.

उरतो ‘एपिऊसिऑस’. शब्दसूची उघडा : नव्या करारात तो दोनदाच येतो, मत्तय ६:११ आणि लूक ११:३, म्हणजे एकाच प्रार्थनेत. ‘डिडाखे’ या अतिप्राचीन ख्रिस्ती लेखनातही आहे, पण तिथेही ही प्रार्थनाच उद्धृत केलेली आहे. तिसऱ्या शतकात ओरिजेन यांनी, ज्यांना ग्रीक शिकावी लागली नव्हती, कारण ती त्यांची रोजची भाषा होती, असे लिहून ठेवले की हा शब्द ना विद्वानांच्या लेखनात आढळतो ना सामान्यांच्या बोलण्यात, आणि तो शुभवर्तमानकारांनीच घडवलेला दिसतो. मायबोली ग्रीक असणाऱ्या विद्वानाला जो शब्द अनोळखी, त्याचा ‘खरा अर्थ’ दोन मिनिटांत सांगणाऱ्या लेखाकडे कसे पाहावे ते तुम्हीच ठरवा.

शब्द दुसरीकडे सापडत नसेल तर व्युत्पत्तीकडे जावे लागते, आणि ती निसरडी जमीन आहे. ‘तेल’ हा शब्द तिळापासून आला, म्हणून मोहरीच्या तेलात कोणी तीळ शोधत नाही. प्रचारातल्या शब्दाचा अर्थ वापर ठरवतो, मूळ धातू ठरवत नाही. व्युत्पत्तीचा आधार फक्त अशा दुर्मीळ शब्दासाठी, आणि तोही हात राखून घ्यावा. ‘एपिऊसिऑस’च्या मुख्य व्युत्पत्ती अशा आहेत.

पहिली : ‘एपि’ आणि ‘ऊसिया’. ऊसिया म्हणजे अस्तित्व, सत्त्व. यातून ‘जगण्यासाठी लागणारी भाकर’ असा साधा अर्थ निघतो, किंवा ‘सत्त्वाशी संबंधित, आत्मिक भाकर’ असा गूढ अर्थ निघतो. ओरिजेन यांचा कल या दुसऱ्या अर्थाकडे होता. व्याकरणाची हरकत अशी की ‘एपि’पुढे स्वर आला की शेवटची ‘इ’ सहसा गळते. ‘एपि’ आणि ‘ऊरानॉस’ मिळून ‘एपूरानिऑस’, म्हणजे स्वर्गीय, होते. तसे इथे ‘एपूसिऑस’ व्हायला हवे होते. काही संयुक्त शब्दांत ‘इ’ टिकलेली आहे, त्यामुळे ही हरकत निर्णायक नाही, पण तिला वजन आहे.

दुसरी : ‘एपि’ आणि ‘असणे’ या क्रियापदाचे धातुसाधित, म्हणजे ‘चालू दिवसापुरती’. ‘रोजची’ हा आपला परिचित अर्थ याच्या जवळचा. ‘इ’ची हरकत इथेही लागू होते.

तिसरी : ‘एपिएनाइ’ म्हणजे येऊन ठेपणे. यापासून ‘हे एपिऊसा’ म्हणजे येणारा दिवस. इथे ‘इ’ क्रियापदातच आहे, म्हणून ती हरकत उरत नाही. शिवाय ‘हे एपिऊसा’ हा प्रयोग प्रत्यक्ष प्रचारात होता : प्रेषितांच्या कृत्यांत तो पाच ठिकाणी आहे, आणि नीतिसूत्रे २७:१ च्या ग्रीक भाषांतरात “उद्याची बढाई मारू नको” याच्या संदर्भात येतो. मग अर्थ होतो ‘येणाऱ्या दिवसाची भाकर’.

माझा कल तिसरीकडे आहे, आणि त्यावरचा आक्षेपही मला माहीत आहे : ‘उद्याची चिंता करू नका’ असे त्याच अध्यायात सांगणारा ‘उद्याची भाकर आज दे’ असे मागायला का शिकवील? यावर दोन गोष्टी सांगता येतात. येणारा दिवस म्हणजे कोणता, हे प्रार्थना केव्हा म्हटली यावर अवलंबून आहे. पहाटे म्हटली तर तो उजाडणारा दिवसच. आणि मागणे हा चिंता सोडण्याचाच मार्ग असू शकतो. तरीही हा कल आहे, निकाल नाही, आणि वहीत मी तो तसाच लिहिला आहे.

७. प्राचीन साक्षीदारांना विचारा

शब्दाचा अर्थ आपल्यापेक्षा आधीच्या लोकांना कसा लागला ते जुनी भाषांतरे सांगतात. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम यांनी लॅटिन शुभवर्तमाने सुधारली तेव्हा त्यांनी हाच ग्रीक शब्द मत्तयात ‘सुपरसुबस्टान्टियालेम’, म्हणजे साधारणपणे ‘सत्त्वापलीकडची’, असा केला आणि लूकमध्ये ‘कोटिडियानुम’, म्हणजे ‘रोजची’, असा राहू दिला. एकच माणूस, एकच शब्द, दोन भाषांतरे! त्यांनीच अशीही नोंद केली आहे की इब्री लोकांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका शुभवर्तमानात या जागी ‘माहार’, म्हणजे ‘उद्या’, असा शब्द होता. सिरियाक भाषेतल्या एका जुन्या भाषांतरात ‘नित्याची’ असा अर्थ आहे, तर त्याच भाषेतल्या दुसऱ्या जुन्या भाषांतरात, पेशित्तामध्ये, ‘आमच्या गरजेची’ असा. थोडक्यात, आज जे पर्याय आपल्यापुढे आहेत ते सगळे पहिल्या पाच शतकांत मांडून झाले होते.

जुना करार विसरू नका. निर्गम १६ मध्ये मान्ना दररोज त्या दिवसापुरता गोळा करायचा असतो, आणि सहाव्या दिवशी मात्र शब्बाथासाठी दुप्पट. नीतिसूत्रे ३०:८ मध्ये ‘माझ्या वाट्याची भाकर’ मागितली आहे. ही प्रार्थना पहिल्यांदा ऐकणाऱ्यांच्या कानांत हे शब्द असणार, असे धरून चालायला हरकत नाही. सहाव्या दिवसाचा मान्ना ही तर अक्षरशः उद्याची भाकर आज मिळाल्याची गोष्ट आहे.

८. ‘नवा शोध’ वाचलात तर तारीख पाहा

या शब्दाचीच एक हकिकत सांगतो, कारण अनेक जुन्या पुस्तकांत तिचा पहिलाच अर्धा भाग आढळतो. फ्लिंडर्स पेट्री यांना इजिप्तमधील हवारा येथे मिळालेल्या पपायरसांपैकी एकावर घरखर्चाचा हिशेब होता. आर्चिबाल्ड सेस यांनी त्याचे वाचन करून १८८९ मध्ये प्रसिद्ध केले; त्यात जिनसांच्या यादीत ‘एपिऊसि...’ असा अर्धवट शब्द होता. प्रार्थनेबाहेर हा शब्द अखेर सापडला, तोही रोजच्या खर्चाच्या यादीत, असा आनंद झाला आणि ‘रोजचा शिधा’ हा अर्थ सिद्ध झाल्यासारखा शब्दकोशांत शिरला. पुढे तो पपायरस गहाळ झाला, त्यामुळे कोणालाच पडताळणी करता येईना. १९९८ मध्ये तो येल विद्यापीठाच्या बायनिकी ग्रंथालयात पुन्हा मिळाला. नव्याने वाचल्यावर तिथे ‘एलाइऊ’ असे होते : तेलाचा खर्च.

म्हणून कोणताही कोश किंवा टीकाग्रंथ (वचनांचा अर्थ उलगडून सांगणारे पुस्तक) उघडला की आधी प्रकाशनाचे वर्ष वहीत लिहा. विनामूल्य मिळणारी पुस्तके बहुतेक जुनी असतात. जुनी म्हणून ती टाकाऊ नाहीत. पण त्यांतला ‘अलीकडे सापडलेला पुरावा’ शंभर वर्षांपूर्वीचा असू शकतो.

९. शेवटी स्वतःचे भाषांतर लिहा आणि त्याखाली शंका लिहा

टीकाग्रंथ या टप्प्यावर उघडावेत, त्याआधी नाही. आधी उघडले तर आपण त्यांच्याच डोळ्यांनी ग्रीक पाहतो. दोन-तीन टीकाकार वाचा. ते कोणता अर्थ घेतात यापेक्षा नाकारलेल्या अर्थाविरुद्ध कोणते कारण देतात ते नोंदवा. कारण न देता ‘मूळ ग्रीकमध्ये असे आहे’ एवढेच म्हणणाऱ्याचे मत बाजूला ठेवायला हरकत नाही.

मग इंटरलिनिअर, कोश, सगळे बंद करून वचन मराठीत लिहा. भाषांतरातला प्रत्येक शब्द कोणत्या ग्रीक शब्दातून आला ते दाखवता आले पाहिजे. दाखवता येत नसेल तर तो शब्द तुमचा आहे, वचनाचा नाही. गटात बोलायचे असेल तर ग्रीक शब्द उच्चारून दाखवण्याचा मोह आवरा. ऐकणाऱ्याला तो तपासता येत नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने तो पुरावा नसून दडपण असते. त्याऐवजी त्याच्याच हातातल्या मराठी बायबलमधली दोन वचने शेजारी ठेवून मुद्दा दाखवता आला तर दाखवा. मत्तयातले ‘आज’ आणि लूकमधले ‘रोज’ यांसाठी ग्रीकची गरजच पडत नाही.

माझ्या वहीतले पान असे आहे. वर वचन : “आमची येणाऱ्या दिवसाची भाकर आज आम्हांला दे.” खाली तीन ओळी : “‘येणाऱ्या दिवसाची’ हे एपिएनाइवरून, व्याकरण अनुकूल, ६:३४ मुळे शंका. ‘रोजची’ चुकीचे म्हणता येत नाही, पण मग लूकच्या वाक्यात ‘रोज’ दोनदा येते. ‘गरजेपुरती’ हा पेशित्ताचा अर्थ नीतिसूत्रे ३०:८ शी जुळतो.” चौथी ओळ पेन्सिलीने, पुढच्या वेळेसाठी : “वचन १२. काही हस्तलिखितांत ‘सोडले’, काहींत ‘सोडतो’. कोणत्यात काय ते पाहणे.”